मनसारामभाऊंचा मेनू पळतो

"तुहा मेनू पळते," मनसाराम म्हणाला आणि सुपारी-तंबाखूच्या खर्र्याची पुडी सोडायला बसला. तक्रार करून झाली होती. आता ज्याचा मेनू त्याने तो शोधून आणावा.

भाग्यश्रीने हातातला लॅपटॉप बाजूला ठेवला. बापाच्या तोंडून हे वाक्य त्या आठवड्यात तिने इतक्यांदा ऐकलं होतं की आता ते तिला झोपेतही ऐकू यायला लागलं होतं. "कुठी पळते, बाबा? दाखवा बरं मले एकदा."

"इथी कसा दाखवू? मासा कुठी आहे इथी?"

"नसू द्या ना. रोहू लागला असं समजा अन् दाबा."

"न लागता लागला म्हणू?" पोरीला शिकवून चूकच झाली, अशा नजरेने मनसारामने तिच्याकडे पाहिलं. "सोसायटीचा अध्यक्ष आहो मी. खोटं नाई दाबत."

आरमोरीच्या पलीकडे सहा-सात किलोमीटरवर त्यांचं गाव. गावाला मालगुजारांच्या काळातला एक जुना मामा तलाव, तलावाला मच्छीमारांची सोसायटी आणि सोसायटीला हे असे तत्त्वाचे अध्यक्ष. भाग्यश्री त्यांची एकुलती एक लेक. गेली दोन वर्षं ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होती, आणि उरलेल्या वेळात तिने सोसायटीसाठी फोनवरचं एक ॲप बनवलं होतं. काम अगदी साधं. सकाळी डोंग्यातल्या, म्हणजे छोट्या होडीतल्या, माणसाने कोणता मासा लागला ते दाबायचं, की आरमोरीच्या बाजारात बसलेल्या बायकांना ते लगेच फोनवर दिसायचं. टोपली पोचायच्या आत गिऱ्हाईक तयार. आधी हेच सांगायला डोंग्यात उभं राहून फोनवर बोंबलावं लागे, आणि अर्ध्या वाक्यात रेंज तुटे.

ॲप उघडलं की वरच्या अर्ध्या भागात तलावाचा फोटो दिसायचा. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेल्या तलावाचा हा फोटो भाग्यश्रीने स्वतः पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहून काढला होता आणि तो तिला फार आवडायचा. फोटोखाली एक हिरवं बटण, 'आज काय लागलं?' ते दाबलं की खालून मेनू वर यायचा: रोहू, कतला, मिरगल, मरळ. यातलं एक दाबलं, झालं काम. काही निवडायचंच नसेल तर मेनू सोडून स्क्रीनवर दुसरीकडे कुठेही बोट टेकवायचं, मेनू निमूट निघून जायचा.

या निघून जाण्याचा भाग्यश्रीला भारी अभिमान. बोलावलं की यावं, आणि घरच्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं की न सांगता उठावं, एवढी समज गावातल्या किती पाहुण्यांना असते? तिच्या मेनूला होती. शिकवणीच्या दिवशी तिने सगळ्या सभासदांना हे समजावलं होतं. आणखी एक गोष्ट तिने घोकूनच घेतली होती. ओल्या बोटाचं फोन ऐकत नाही, आधी बोट पुसायचं. जन्म पाण्यात काढलेल्या माणसांना तिने हात पुसायला शिकवलं, आणि त्यांनीही ते मुकाट्याने शिकून घेतलं होतं.

तरी मेनू पळत होता. आणि पळायचाही माणूस पाहून. सोसायटीचा सचिव भूपेश, तिच्या काकाचा मुलगा, त्याच्या हातात तो शहाण्यासारखा थांबे. इतर तरुण पोरांच्या हातातही थांबे. पण पन्नाशी ओलांडलेला सभासद डोंग्यात बसून फोन काढी आणि मेनू गायब. भाग्यश्रीने सहा फोन उसने आणले, प्रत्येकावर शंभरदा बटण दाबलं. एकदाही पळाला नाही. तिला वाटलं, म्हाताऱ्यांना ॲप नको आहे आणि तसं तोंडावर सांगवत नाही, म्हणून हे सोंग.

एरवी तिने ते हसण्यावारी नेलं असतं. पण पुण्याच्या कंपनीने घरी बसून काम करणं बंद केलं होतं. पुढच्या महिन्यापासून पुण्यात हजर व्हा, येणार की नाही ते सोमवारपर्यंत कळवा. इकडे तालुक्यातल्या सहा सोसायट्या भूपेशला सांगून बसल्या होत्या, की तुमच्याकडे हे नीट चाललं तर आम्हालाही करून द्या. चाललं तर भाग्यश्रीला गावात राहून स्वतःचं काम उभं करता येणार होतं. नाही चाललं तर बॅग भरायची. आणि रविवारच्या सभेत ॲप ठेवायचं की नाही ते ठरणार होतं.

सहा सोसायट्यांची गोष्ट भूपेशने कुणाला सांगायची नाही, असं तिने त्याला बजावलं होतं. बाबांना ती स्वतः सांगणार होती. खरं तर तिला सांगण्यापेक्षा ऐकायचंच होतं. बापाने एकदा तोंडाने म्हणावं, की राहा. पण विषय निघाला की मनसारामचं लक्ष दुसरीकडे जाई.

"बाबा, ते पुण्याचं..." तिने आताही सुरुवात केली.

"पाळीवर बेशरम लगित वाढली या साली," मनसाराम उठत म्हणाला. "उपटा लागते." आणि तो बेशरमीची झुडपं उपटायला जाणारा माणूस खर्रा तोंडात टाकून सरळ पानठेल्याकडे गेला.

बुधवारी संध्याकाळी भाग्यश्रीने वैतागून उपाय केला. पळतो काय? मग पळूच नको. तिने मेनूला असा बसवला की चारांपैकी एक मासा निवडल्याशिवाय तो जाणारच नाही. दुसरीकडे कुठेही बोट लावा, ढिम्म. रात्रीच्या जेवणाला तिने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

गुरुवारी दुपारी तिची आई गोकुळा बाजारातून आली ती टोपलं अंगणात आपटूनच. "मरळ कुठी आहे?"

"कोणती मरळ?"

"मलेच इचारते! लच्छूनं मरळ पाठवली ना फोनवर. एकदा नाई, सात वेळा. मी अख्ख्या बाजाराले सांगून बसली, आज मरळ येऊन राह्यली. लोकं पिशव्या घेऊन उभे. डॉक्टरीण बाई येऊन बसल्या. अन् टोपल्यात निघालं काय? मिरगल! वीस वर्षं झाले मले त्या जागेवर बसून, खोटारडी कोणी म्हणलं नोतं."

लच्छूला बोलावलं. साठीचा गडी, मनसारामचा डोंग्यातला जोडीदार. तो अजिबात शरमला नव्हता. "त्या मेनूनं पिच्छाच नाई सोडला. खिशात टाकला तरी उघडाच. एखादा पाहुणा उठतच नाई, त माणूस त्याले काहीतरी हातात देऊन वाटेले लावते का नाई? म्या मरळ देली."

"सात वेळा?"

"सात वेळा आला ना तो परत, खिशात बटण दबून."

मनसाराम एका कोपऱ्यात दुपट्ट्याने तोंड पुसत होता. तो हसत होता हे सगळ्यांना दिसत होतं. भाग्यश्रीला मात्र रडूच यायचं राहिलं होतं. तिने मेनू पुन्हा होता तसा केला, म्हणजे तो पुन्हा पळायला मोकळा झाला.

गोकुळाचा राग चहाबरोबर उतरला. लेकीचा पडलेला चेहरा पाहून ती जवळ येऊन बसली. "मले तुह्या त्या फोनातलं समजत नाई. पण मी एक इचारते. हे लोकं डोंग्यात बसून कसे दाबतात, ते तू पाह्यलं का कवा?"

दोन महिने भाग्यश्री या माणसांसाठी ॲप बनवत होती. तलाव घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि दोन महिन्यांत ती डोंग्यात एकदाही बसली नव्हती.

शनिवारी उजाडता उजाडता ती बापाच्या मागे पाळीवर गेली. लच्छू आधीच वल्हं घेऊन उभा होता. मनसारामने डोंग्यात पाय टाकण्याआधी वाकून पाण्याला बोटं लावली, ती कपाळाला लावली आणि आत जाऊन बसला. लच्छूनेही तसंच केलं. भाग्यश्री फोन सांभाळत एकदम उडी मारून आत आली, तसा डोंगा हलला आणि लच्छू म्हणाला, "हळू व मायबाई, डोंगा आहे हा, कंपनीची गाडी नाई."

काल टाकलेलं जाळं वर घ्यायला अर्धा तास गेला. तीन चांगले रोहू लागले होते. जाळं पुन्हा सोडण्याआधी मनसारामने पुन्हा पाण्याला हात लावला, कपाळाला नेला. मग शिकवल्याप्रमाणे दुपट्ट्याला बोटं कोरडी केली, अगदी नखांच्या कडेपर्यंत, आणि वरच्या खिशातून फोन काढला. भाग्यश्री त्याच्या खांद्यावरून बघत होती.

त्याने हिरवं बटण दाबलं. मेनू वर आला. रोहू, कतला, मिरगल, मरळ, चारही हजर. मनसारामचं बोट उचललं गेलं आणि हळूच, अगदी अदबीने, वरच्या फोटोतल्या पाण्याला लागलं. तिथून ते कपाळाला गेलं. मेनू निघून गेला.

"हे पाय!" मनसाराम फोन तिच्यापुढे धरत म्हणाला. "पळाला."

भाग्यश्री हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात सुटून, मग डोंग्याची कड घट्ट धरून. मनसाराम दुखावला गेला. "हसाले का झालं? खोटं बोललो का मी?"

"बाबा, तुमी पाण्याले हात काऊन लावला?"

"कोणत्या पाण्याले?"

"फोनातल्या."

"म्या? नाई. कवा?" त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. तिने लच्छूच्या हातात फोन दिला. लच्छूने बोट पुसलं, बटण दाबलं, फोटोतल्या पाण्याला बोट लावून कपाळाला नेलं आणि मनसारामसारखाच तक्रारीच्या सुरात म्हणाला, "हा पाय, माहाबी पळाला."

आता मनसारामने ते डोळ्यांनी पाहिलं. "पाणी दिसलं त हात लागतेच, बापा," तो ओशाळून म्हणाला. "त्यात का मोठं? मासा घेतो आपण त्याच्यातून."

भाग्यश्रीचं हसू एकदम थांबलं. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून याच डोंग्यात ती यायची, तेव्हा तिचा इवलासा हात धरून तो पाण्याला लावायचा आणि मग तिच्या कपाळाला. आज ती धाडकन उडी मारून आत आली होती, आणि हात लावायचा असतो हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिला स्वतःची फार लाज वाटली.

घरी आल्यावर भूपेशने दोन मिनिटांत तोडगा काढला. "फोटो काढून टाक ना मंग. पाणीच नाई त हात कुठी लावतीन?"

"फोटो नाई निघत," भाग्यश्री म्हणाली, आणि अशा आवाजात म्हणाली की भूपेशने पुढे काही सुचवलं नाही. तिने दुपारभर बसून वेगळंच केलं. मेनू उघडा असताना बाजूला, खाली, कडेला कुठेही बोट लागलं तर तो पहिल्यासारखा निघून जाईल. पण वरच्या पाण्याला लागलं तर थांबेल. कुणी नमस्कार करत असताना मध्येच उठून जायचं नसतं, एवढं तिने मेनूला शिकवलं.

रविवारची सभा मनसारामच्या हट्टामुळे पाळीवर, मोहाच्या झाडाखाली भरली, कारण खोटं दाबायचं नव्हतं आणि मासे तिथेच होते. गोकुळा आरमोरीत तिच्या जागेवर फोन घेऊन बसली होती. पहिला मान अध्यक्षांचा. मनसारामने बोट पुसलं. बटण दाबलं. मेनू आला. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. बोट वर गेलं, पाण्याला लागलं, कपाळाला गेलं. मेनू जागच्या जागी. मनसारामने संशयाने आजूबाजूला पाहिलं आणि 'रोहू' दाबलं.

एका मिनिटाने भूपेशच्या फोनवर गोकुळाचा आवाज कडाडला. "रोहू आला म्हणते! खरा आहे का लच्छूचा?" पाळीवर जो हशा पिकला त्यात लच्छूच सगळ्यात मोठ्याने हसत होता. मग एकेक म्हातारा पुढे झाला. प्रत्येकाने बोट पुसलं, पाण्याला लावलं, कपाळाला नेलं, आपला मासा दाबला. ॲप ठेवायचं का, असं कुणी विचारलंच नाही. थेट दुसऱ्या विषयाला सुरुवात झाली, तेव्हा भाग्यश्रीला कळलं की मंजूर झालं.

संध्याकाळी उन्हं कलल्यावर ती पाळीवर गेली. मनसाराम एकटाच पायरीवर बसला होता. ॲप चाललं, दिवस चांगला गेला, तरी तो दाढ दुखत असल्यासारखा दिसत होता. ती शेजारी बसली.

"बाबा, पुण्याच्या कंपनीले उद्या सांगा लागते, का मी जाऊ..."

"बेशरम पाय कुठवर आली," मनसारामने पलीकडे बोट केलं.

"बाबा."

"अन् डोंग्याले डांबर लावा लागते औंदा."

रोज ती इथे गप्प व्हायची. आज ती हलली नाही. "लावू डांबर. बेशरमबी उपटू. तुमी कुठीबी बोट दाखवा, माहं बोलणं झाल्याशिवाय मी उठत नाई."

"मंग जा म्हणतो ना," मनसाराम पाण्याला सांगितल्यासारखं म्हणाला. "पंधरा दिवस झाले तेच इचारून राह्यली. जा. आता तुहं ॲपबी झालं नीट. कायले थांबशीन इथी?" त्याने दुपट्ट्याने तोंड पुसलं. "पळत होता तवरच बरा होता तो मेनू. त्याच्या मांगं तू त होती घरी."

भाग्यश्री त्याच्याकडे वळली. "म्हणजे तुमी मुद्दाम...?"

"मुद्दाम नाई! हात आपोआप लागे. आता तू पाह्यलं ना. पण पळाला का, मले काई लय वाईट नाई वाटे."

"बाबा," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते चाललं नसतं त मी गेली असती. चाललं म्हणून राहू शकते. तालुक्यातल्या सहा सोसायट्यांनी मागून ठेवलं आहे. मी इथीच काम करीन. पंधरा दिवस मी हेच इचारून राह्यली, का जाऊ का राहू. तुमी 'जाऊ' ऐकलं का बेशरम उपटाले निघता. 'राहू'पर्यंत येऊच देलं नाई मले."

मनसारामने मान वळवली. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटलं, आणि शेवटी जे आलं तो राग होता. "मंग हे आंधी सांगाले का झालं होतं तुले? पंधरा दिवस भाकर गोड लागली नाई मले!"

"मंग आता सांगा. जाऊ का राहू?"

"राय," तो म्हणाला. ते फारच हळू झालं असं त्यालाच वाटलं असावं, कारण पुढचं त्याने पाळीवरच्या बगळ्यांनाही ऐकू जाईल असं म्हटलं. "राय म्हणतो ना!"

भाग्यश्रीने तिथेच बसून फोनवर कंपनीला दोन ओळी लिहिल्या, येत नाही म्हणून. पाठवायच्या आधी ती खालच्या पायरीवर उतरली, वाकून तलावाच्या पाण्याला हात लावला आणि कपाळाला नेला. मग तिने बोट बटणावर ठेवलं. काहीच झालं नाही. पुन्हा ठेवलं. काहीच नाही.

मनसारामने खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्यापुढे धरला. "पुसून घे आंधी," तो म्हणाला. "ओल्या बोटाचं तो ऐकत नाई. आमाले कोणं शिकवलं होतं?"

तिने बोट पुसलं, अगदी नखांच्या कडेपर्यंत, आणि बटण दाबलं.